वर्कशॉपसाठी टिकाऊ पिन पंच कसा निवडावा

भोसरी किंवा चाकणच्या एखाद्या शेडमध्ये नवे वर्कशॉप उभे करणारे, आयटीआय करून नुकतेच कामाला लागलेले, किंवा घराच्या गॅरेजमध्ये स्वतःची दुचाकी खोलून बसणारे, या सर्वांना लवकरच पिन पंचाची, म्हणजे हातोडीच्या घावाने पिन छिद्रातून बाहेर ढकलणाऱ्या पोलादी दांडीची, गरज पडते. गिअर शाफ्टवरील रोल पिन, प्रेस टूलमधील डॉवेल, लेथच्या लीड स्क्रूवरील शिअर पिन किंवा बिजागरीची खीळ काढायची म्हटले की हाच पंच हातात घ्यावा लागतो. तो स्वस्त असल्यामुळे घेताना फारसा विचार केला जात नाही. मग पहिल्याच आठवड्यात त्याचे टोक वाकते, किंवा तुटलेला तुकडा छिद्रातच अडकतो आणि मूळ पिनेपेक्षा तो तुकडा काढणे अधिक जिकिरीचे होऊन बसते. चांगला पंच कसा ओळखावा आणि आपल्या कामासाठी नेमका कोणता घ्यावा, हे पुढे टप्प्याटप्प्याने मांडले आहे. पंचाचा टिकाऊपणा केवळ पोलादाच्या कडकपणावर ठरत नाही. टोक, खांदा (जाड दांडीतून बारीक दांडा निघतो ती जागा) आणि डोके या तीन भागांना मिळालेले वेगवेगळे गुण आणि छिद्राला जुळणारे माप यांवर तो ठरतो, आणि पुढील प्रत्येक पायरी याच मुद्द्याशी जोडलेली आहे.

पहिली पायरी: दुकानात जाण्यापूर्वी आपल्या पिना मोजाव्यात

बहुतेक नवशिके आधी सहा पंचांचा संच विकत घेतात आणि नंतर त्यातला कोणता कशाला बसतो ते शोधत राहतात. हा क्रम उलटा असावा. आपल्या कामात येणाऱ्या पिनांची वर्नियरने मापे घ्यावीत आणि त्या कोणत्या प्रकारच्या आहेत ते शेजारी लिहून ठेवावे, कारण पंचाचा प्रकार पिनेच्या प्रकारावर ठरतो.

भरीव डॉवेल पिन समांतर आणि सहसा कडक केलेली असते. रोल पिन, जिला स्प्रिंग पिन असेही म्हणतात, ती पत्रा गुंडाळून केलेली पोकळ नळी असते. तिचा मोकळा व्यास छिद्रापेक्षा थोडा जास्त असतो, त्यामुळे ५ मिमी छिद्रात बसणारी पिन हातात घेऊन मोजल्यास सुमारे अर्धा मिलिमीटर मोठी भरते. म्हणून पंच निवडताना माप काढून ठेवलेल्या पिनेचे न घेता छिद्राचे घ्यावे. टेपर पिन एका बाजूला निमुळती असते. मेट्रिक टेपर पिनेचा उतार १:५० आणि इंच मापाच्या जुन्या पिनेचा १:४८ असतो, म्हणजे ५० मिमी लांबीच्या मेट्रिक पिनेच्या दोन टोकांच्या व्यासात जेमतेम १ मिमीचा फरक पडतो आणि तो डोळ्यांनी सहज लक्षात येत नाही. ही पिन नेहमी बारीक टोकाकडूनच ठोकावी लागते. उलट बाजूने ठोकल्यास ती अधिकच घट्ट रुतते आणि पंचावर नाहक ताण येतो. त्यामुळे ठोकण्यापूर्वी दोन्ही टोके मोजण्याची सवय लावून घ्यावी.

पुण्यातील जुन्या जॉबिंग शॉपमध्ये, म्हणजे इतरांची सुटी कामे करून देणाऱ्या वर्कशॉपमध्ये, आजही इंच मापाची यंत्रे चालतात आणि बाजारातही इंच व मिलिमीटर अशी दोन्ही मापे शेजारी-शेजारी ठेवलेली असतात. म्हणून काही रूपांतरे लक्षात ठेवणे सोयीचे ठरते. १/८ इंच म्हणजे ३.१७५ मिमी, त्यामुळे तो पंच ३ मिमी छिद्रात जाणारच नाही. ५/३२ इंच म्हणजे ३.९७ मिमी, हा ४ मिमी छिद्रात जेमतेम शिरेल आणि छिद्र थोडे जरी दबलेले असेल तर तिथेच अडकेल. ३/१६ इंच म्हणजे ४.७६ मिमी, हा मात्र ५ मिमी छिद्रासाठी उत्तम बसतो.

दुसरी पायरी: टोकाचे माप ठरवावे

टोक छिद्रापेक्षा साधारण ०.१ ते ०.२ मिमी लहान असावे आणि त्या छिद्रातून मोकळेपणाने पार जाणाऱ्या पंचांपैकी सर्वांत जाड पंच निवडावा. या नियमामागची कारणे समजून घेतल्यास तो विसरला जात नाही. भरीव पिनेच्या मध्यावर बारीक पंच ठेवून घाव घातल्यास पिनेच्या तोंडाला खड्डा पडतो, कड बाहेर फुगते आणि ती छिद्राला घट्ट आवळून बसते. रोल पिनेच्या बाबतीत बारीक पंच तिच्या पोकळीत शिरतो आणि पाचरीप्रमाणे तिला आतून उघडतो. दोन्ही वेळा घाव वाढत जातात, पिन मात्र हलत नाही. उलट, अगदी छिद्राच्याच मापाचा पंच घेतल्यास पिनेबरोबर तोही रुतण्याची शक्यता असते. पंचावर छापलेल्या मापावर विसंबू नये. काही उत्पादक टोक मुद्दाम थोडे कमी मापाचे ठेवतात, तर काही ठिकाणी ते छापील मापापेक्षा किंचित जास्तच भरते.

तिसरी पायरी: पंचाचे प्रकार वेगळे ओळखावेत

काउंटरवर ‘पंच द्या’ म्हटले की पुष्कळदा सेंटर पंच समोर येतो. तो टोकदार असतो, ड्रिल करण्यापूर्वी खूण करण्यासाठी असतो आणि पिन काढण्यासाठी कधीही वापरू नये. आपल्या कामाचे पंच तीन.

पहिला टेपर पंच, ज्याला स्टार्टर पंच असेही म्हणतात. त्याचे शेवटचे टोक सपाट असते, पण दांडा टोकाकडून मागे जाड होत जातो, त्यामुळे तो जोरदार घाव सहन करतो. रुतलेली पिन पहिल्यांदा हलवण्यासाठी सर्वाधिक जोर लागतो आणि तो जोर यानेच द्यायचा असतो. पिन दोन-तीन मिलिमीटर सरकली की याचे काम संपते, कारण पुढे त्याचा जाड भाग छिद्राच्या तोंडात अडकतो.

दुसरा खरा पिन पंच. त्याचा पुढचा दांडा एकसारख्या व्यासाचा असतो, त्यामुळे तो पिनेच्या मागोमाग छिद्रातून आरपार जाऊ शकतो. त्याचे काम हललेली पिन बाहेर नेण्याचे आहे, रुतलेली पिन हलवण्याचे नाही. वर्कशॉपमध्ये तुटणारे बहुतेक पिन पंच टेपर पंचाचे काम त्यांच्याकडून करून घेतल्यामुळे तुटतात, असे माझे स्पष्ट मत आहे. म्हणून टिकाऊ पिन पंच हवा असणाऱ्याने त्याच्यासोबत त्याच मापाचा टेपर पंच घेणे ही चैन समजू नये.

तिसरा रोल पिन पंच. त्याच्या सपाट टोकाच्या मध्यभागी एक लहान गोल उंचवटा असतो. तो रोल पिनेच्या पोकळीत बसतो, त्यामुळे पंच घसरत नाही आणि पिनेच्या कडा चेपत नाहीत. हा उंचवटा पोकळीत सैल बसला पाहिजे, कारण तो घट्ट शिरल्यास पिन फाकते. भरीव पिनेवर हा पंच वापरल्यास उंचवटा चेपतो किंवा तुटतो.

चौथी पायरी: पोलाद आणि त्याला दिलेले पाणी

पंच क्रोम व्हॅनेडियमचा आहे एवढे ऐकून ग्राहकाचे समाधान होते, पण पोलादाचे नाव अर्धीच माहिती देते. त्या पोलादाला पाणी कसे दिले, म्हणजे तापवून झटकन थंड करून ते कडक कसे केले, आणि नंतर टेम्परिंग, म्हणजे पुन्हा माफक तापवून ठिसूळपणा कमी करणे, कसे केले, यावर उरलेली अर्धी गोष्ट ठरते. क्रोम व्हॅनेडियम पोलाद या कामासाठी खरोखरच चांगले आहे. ५०सीआरव्ही४ या प्रचलित ग्रेडमध्ये सुमारे अर्धा टक्का कार्बन आणि सुमारे एक टक्का क्रोमियम असते. पुण्याच्या बाजारात याच्या जवळचा ग्रेड ईएन ४७ या नावाने ओळखला जातो. स्प्रिंगसाठी वापरले जाणारे हे पोलाद कडक होऊनही चिवट राहते. घाव सोसण्यासाठीच बनवलेले एस२ हे टूल स्टीलही उत्तम आहे. साध्या हाय कार्बन पोलादाचा पंचही, त्यावर उष्णता-प्रक्रिया नीट झालेली असेल, तर वर्षानुवर्षे चालतो.

याउलट डाय बनवण्याच्या कामातील एचसीएचसीआर (हाय कार्बन हाय क्रोमियम) हे पोलाद घर्षणापुढे टिकते, पण घावापुढे ठिसूळ ठरते. त्यामुळे टूल रूममध्ये उरलेल्या तुकड्यापासून लेथवर पंच वळवून घेण्याचा मोह आवरावा. बेअरिंगचे ईएन ३१ पोलाद पूर्ण कडक अवस्थेत असेल तर त्याचीही हीच अडचण आहे. आटे पाडायचा तुटलेला टॅप, जुनी कानस किंवा मोडका ड्रिल बिट घासून पंच करण्याची पद्धत अनेक गॅरेजमध्ये दिसते आणि ती धोकादायक आहे. ही हत्यारे कापण्यासाठी अतिशय कडक केलेली असतात, त्यामुळे घाव बसताच त्यांची कपची गोळीसारखी उडून डोळ्यात जाऊ शकते.

चांगल्या पंचाच्या संपूर्ण लांबीला एकच कडकपणा नसतो. टोक कडक असते, रॉकवेल मोजपट्टीवर साधारण ५० ते ५८ एचआरसीच्या दरम्यान, म्हणजे ते पिनेवर चेपत नाही. डोके मुद्दाम मऊ, ४५ एचआरसीच्या आत ठेवलेले असते, कारण हातोडीचा चेहरा स्वतः कडक असतो आणि दोन कडक पृष्ठभाग एकमेकांवर आदळले की कपच्या उडतात. मधला भाग चिवट असावा लागतो. म्हणून ‘आमचा पंच पूर्ण हार्ड आहे’ असे कोणी कौतुकाने सांगू लागल्यास तो पंच घेऊ नये. वर्कशॉपसाठी एकदम बऱ्याच संख्येने पंच घ्यायचे असतील, तर भोसरी-चाकण पट्ट्यातील उष्णता-प्रक्रिया करणाऱ्या एखाद्या व्यावसायिकाकडून एका नगाचे टोक आणि डोके रॉकवेल यंत्रावर तपासून घ्यावे.

चकचकीत क्रोम प्लेटिंग म्हणजे दर्जा असे समजू नये. टोकावरचे प्लेटिंग काही घावांत सुटू लागते आणि प्लेटिंगखालची घडण कशी आहे तेही दिसत नाही. काळ्या ऑक्साइडचा साधा थर आणि त्यावर तेलाचा हात मला अधिक भरवशाचा वाटतो.

पाचवी पायरी: दांड्याची लांबी आणि खांदा

दांडा जितका लांब तितका उपयोगी, असे वाटणे स्वाभाविक आहे, परंतु बारीक दांड्याच्या बाबतीत लांबी हाच सर्वांत मोठा धोका असतो. दाबाखाली सडपातळ दांडा वाकण्याची मर्यादा लांबीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात आणि व्यासाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात बदलते. याचा व्यवहारातील अर्थ असा की ६० मिमी दांड्याच्या जागी त्याच व्यासाचा ४० मिमी दांडा घेतल्यास तो वाकेपर्यंत सव्वादोन पट भार सोसतो, आणि ३ मिमीऐवजी ४ मिमी जाडीचा दांडा तेवढ्याच लांबीला तिपटीहून अधिक भार सोसतो. हातोडीचा घाव हा स्थिर भार नसल्यामुळे हे आकडे तंतोतंत लागू होत नाहीत, तरी निवडीची दिशा त्यातून स्पष्ट होते. छिद्राच्या खोलीपेक्षा दांडा थोडाच लांब असावा. २ आणि ३ मिमीचे पंच आखूडच घ्यावेत आणि लांब पंच केवळ खोल छिद्रांसाठी वेगळा ठेवावा.

सर्वसाधारण वर्कशॉप पंचाची एकूण लांबी १५० मिमीच्या आसपास असते. जर्मन मानकानुसार बनवलेल्या पिन पंचांवर डीआयएन ६४५० असा उल्लेख असतो आणि त्यांची धरण्याची दांडी सहसा अष्टकोनी असते. अष्टकोनी किंवा षटकोनी दांडी टेबलावरून घरंगळत नाही आणि तेलकट हातातही फिरत नाही, म्हणून गुळगुळीत गोल दांडीपेक्षा ती घ्यावी.

आता खांद्याकडे, म्हणजे जाड दांडीतून बारीक दांडा निघतो त्या जागेकडे, नीट पाहावे, कारण पंच तिथेच तुटतो. ही जागा गोलसर वळणाने उतरलेली असावी. काटकोनात खाच असल्यास घावाचा सगळा ताण त्या कोपऱ्यात साचतो आणि तिथून सूक्ष्म तडा सुरू होतो. टर्निंगचे खरखरीत चरे त्या जागी दिसत असतील तर तो नग बाजूला ठेवावा. दोन पंचांमध्ये निवड करताना कंपनीचे नाव आणि या वळणाची घडण यांपैकी एकच गोष्ट पाहता येणार असेल, तर मी वळण पाहीन.

सहावी पायरी: दुकानातील तपासणी

रविवार पेठेतील बोहरी आळीत हत्यारांची दुकाने दाटीने आहेत, दुचाकीच्या कामाला लागणारे साहित्य नाना पेठेत मिळते. रविवारी आणि बुधवारी भरणाऱ्या जुन्या बाजारातही जुने पंच सापडतात आणि त्यांतले काही नव्यापेक्षा सरस असतात. मात्र तिथे घेतलेल्या पंचावर पूर्वी काय प्रसंग गुजरले आहेत ते कळत नाही, म्हणून त्याची तपासणी दुप्पट कसोशीने करावी. सोबत वर्नियर, एक लहान बारीक कानस आणि शक्य असल्यास भिंग न्यावे.

प्रथम पंच काउंटरच्या काचेवर आडवा ठेवून, जाड दांडी कडेबाहेर राहील अशा रीतीने, केवळ बारीक दांडा लोळवावा. दांडा आणि काच यांच्यामध्ये प्रकाशाची फट दिसत-लपत असेल तर तो वाकडा आहे. मग दांडा मध्यावरच निघालेला आहे का ते सर्व बाजूंनी पाहावे, कारण एका अंगाला सरकलेला दांडा प्रत्येक घावाला वाकण्याचाच प्रयत्न करतो. टोकाचा चेहरा सपाट आणि दांड्याशी काटकोनात असावा, कडेला अगदी बारीक चॅम्फर (तिरकी उतरवलेली कड) असल्यास हरकत नाही. दांड्याचा व्यास टोकाशी, मध्यावर आणि खांद्याजवळ मोजावा. तो मागे वाढत गेला असेल तर पंच छिद्रात अडकणार हे निश्चित.

त्यानंतर दुकानदाराची परवानगी घेऊन कानशीची कसोटी करावी. कानस स्वतः सुमारे ६० एचआरसीहून कडक असते. चांगल्या टोकावर ती जोर लावल्यावर जराशी चावते. काचेवर फिरल्यासारखी ती नुसतीच घसरत असेल तर टोक जास्त कडक, म्हणून ठिसूळ असण्याची शक्यता आहे, आणि साध्या सळईसारखा सहज कीस निघत असेल तर पाणी दिलेलेच नाही. डोक्यावर मात्र कानस सहज चालली पाहिजे. ज्या दुकानात ही कसोटी करू देत नाहीत, तिथून आधी एकच नग घेऊन घरी तपासावा आणि पुढची खरेदी त्यानंतर करावी.

सातवी पायरी: सुरुवातीला किती आणि कोणते

सर्वसाधारण दुरुस्तीच्या कामासाठी ३, ४, ५ आणि ६ मिमीचे पिन पंच, ३ व ५ मिमीचे टेपर पंच आणि पितळेचा एक १० मिमी जाडीचा ड्रिफ्ट (ठोकण्यासाठीची मऊ धातूची दांडी) एवढे पुरेसे आहे. गिअरबॉक्सचे काम नेहमी येत असेल तर आपल्या रोल पिनांच्या मापाचे दोन रोल पिन पंच वाढवावेत. प्रेस टूलच्या कामात ८ आणि १० मिमीचे डॉवेल येतात, त्यांसाठी त्या मापाचे जाड पंच लागतात. हे डॉवेल पंचाच्या टोकापेक्षाही कडक असू शकतात, म्हणून त्यांवर पितळी किंवा माइल्ड स्टीलचा ड्रिफ्ट वापरणे अधिक सुरक्षित असते. ड्रिफ्ट चेपला तर लेथवर फेसिंग करून त्याचे तोंड पुन्हा सपाट करता येते. पितळी आणि माइल्ड स्टीलचे ड्रिफ्ट घरच्या घरी वळवावेत, कडक पंच मात्र विकतच घ्यावा, कारण भट्टी आणि टेम्परिंगचे तापमान हातात नसताना केलेल्या पंचाचे दोन नग कधी सारखे निघत नाहीत.

आठवी पायरी: पंच टिकेल असा वापर

पिनेच्या खाली भक्कम आधार नसेल तर घावाची निम्मी ताकद वस्तू उसळण्यात जाते. व्ही-ब्लॉक (व्ही आकाराची खाच असलेला ठोकळा), बेंच ब्लॉक (भोके असलेला ठोकळा) किंवा पिन जाईल एवढे भोक पाडलेला लाकडी ठोकळा वापरावा आणि पिन बाहेर पडायला खाली जागा आहे याची खात्री करावी. गंजलेल्या पिनेला भेदक तेल लावून पुरेसा वेळ द्यावा. ॲल्युमिनियमच्या केसिंगमध्ये पोलादी पिन असेल तर केसिंग माफक गरम केल्याचा मोठा उपयोग होतो, कारण ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते. मात्र गरम करण्यापूर्वी भेदक तेल पुसून घ्यावे आणि जवळचे ऑइल सील व रबरी भाग काढून ठेवावेत.

हातोडीचे वजन पंचाला साजेसे असावे. २ ते ३ मिमीसाठी १०० ते १५० ग्रॅम, ४ ते ५ मिमीसाठी २०० ते ३०० ग्रॅम आणि त्याहून जाड पंचासाठी अर्धा किलोपर्यंत, असे प्रमाण मी योग्य मानतो. पंच छिद्राच्या रेषेत सरळ धरावा, पहिले घाव टेपर पंचाने मोजके पण ठाम घालावेत, पिन हलल्यावरच पिन पंच घ्यावा आणि मग हलक्या घावांनी ती बाहेर न्यावी. मध्येच ती थांबली तर जोर वाढवण्याऐवजी पुन्हा तेल आणि आधार पाहावा. सेफ्टी गॉगल एका घावासाठी असला तरी घालावाच, आणि समोर उभ्या असलेल्या मदतनीसालाही द्यावा.

देखभाल

वापरून वापरून डोक्याच्या कडा छत्रीसारख्या बाहेर वळतात. त्या कडांचे तुकडे उडतात, म्हणून त्या दिसताच ग्राइंडरवर घासून डोक्याला पुन्हा उतरता काठ द्यावा. टोक चेपले असेल तर तेही घासता येते, परंतु हलक्या हाताने आणि वारंवार पाण्यात बुडवत. पोलादावर पिवळट झाक सुमारे २३० अंश सेल्सिअसला आणि निळी झाक ३०० अंशांच्या आसपास उमटते. टोक निळे पडले म्हणजे मूळ टेम्परिंग बिघडून तेथील कडकपणा उतरलेला असतो, मग तेवढा भाग काढून टाकल्याशिवाय पंचावर विसंबता येत नाही. वाकलेला पंच ठोकून सरळ करू नये, कारण सरळ दिसला तरी वाकलेल्या जागी तडा गेलेला असू शकतो. खांद्याशी केसाएवढी जरी रेघ भिंगातून दिसली तरी तो पंच मोडीत काढावा आणि दुसऱ्या कोणी चुकून उचलू नये म्हणून त्याचे तुकडे करून भंगारात टाकावेत.

पुण्याच्या पावसाळ्यात, जून ते सप्टेंबरमध्ये, उघड्या पेटीतील पंचांवर काही दिवसांत गंजाचे ठिपके पडतात आणि बारीक दांड्यावरचा खोल ठिपका तडा सुरू होण्याची जागा बनतो. काम संपल्यावर पंच कोरड्या फडक्याने पुसून मशीन ऑइलचा हात द्यावा आणि मापानुसार भोके पाडलेल्या लाकडी ठोकळ्यात उभे ठेवावेत. प्रत्येक भोकासमोर मोजलेला व्यास लिहून ठेवला म्हणजे घाईच्या वेळीही योग्य पंचच हाती येतो.